कोरडं राहायचं, की उबेत राहायचं?

नेदरलँड्समध्ये विंडसर्फिंगचा खरा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. उन्हाळ्यात पाणी १८-२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, पण वारा बेताचाच असतो. नैऋत्येकडून वादळी हवा यायला लागते ती पानगळीच्या सुमारास. मग मार्च-एप्रिलपर्यंत ब्रौवर्सडामच्या बांधावर, ओस्टफोर्नच्या तळ्यावर, आयसलमेरच्या काठाला वोर्कुमजवळ शिडाला भरपूर वारा मिळत राहतो. अडचण अशी की याच महिन्यांत पाणी गारठतं. उत्तर समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये ५-६ अंशांवर येतो. आयसलमेर उथळ आणि गोड्या पाण्याचं, ते कडक हिवाळ्यात गोठतंसुद्धा. ज्याच्याकडे थंडीचा धड सूट नाही, त्याचे वर्षातले सगळ्यात चांगले वाऱ्याचे दिवस काठावर हात चोळत उभं राहण्यात जातात.

मी विंडसर्फिंग शिकलो गोव्यात, दोना पावलाला. तिथे अंगात एक पातळ रॅश गार्ड असला की झालं, पाण्याची कधी भीती वाटत नाही. नोकरीसाठी रॉटरडॅमला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात जो प्रश्न पुढे उभा राहिला, तोच आता इकडे नव्याने येणारी मराठी मुलं मला विचारतात. ड्रायसूट घ्यावा का, आणि घ्यायचा तर खिशाला परवडेल असा कुठला? या प्रश्नावर इथल्या शिडवाल्यांमध्ये पक्के पक्ष आहेत, आणि प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. ते कसं, हे कळायला आधी पाण्याकडे पाहावं लागतं.

थंड पाणी काय करतं

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. पण थंड पाण्यात माणसं दगावतात ती बहुतेकदा अंग हळूहळू गार पडून नव्हे. पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्राध्यापक माइक टिप्टन यांनी आयुष्यभर याचाच अभ्यास केला. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिली एक ते तीन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. आपोआप मोठा श्वास घेतला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढंच पुरतं. त्यानंतर हातापायांची पाळी येते. स्नायू आणि नसा गार पडल्या की बोटं ऐकेनाशी होतात, पोहणं जमत नाही. सगळं शरीर गार पडून शुद्ध हरपायला त्यापुढे बराच वेळ लागतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट हेच १-१०-१ अशा सूत्रात सांगतात: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. हे अर्थात नीट सूट नसलेल्या माणसाचं गणित आहे. सूट घ्यायचा तो यातली दुसरी संख्या वाढवण्यासाठी.

विंडसर्फरची गोष्ट यात जरा निराळी आहे. फळी धावत असते तेव्हा तो पाण्याबाहेर असतो, दोन्ही हातांनी बूम, म्हणजे शिडाचा आडवा दांडा, ओढत घाम गाळत असतो. वारा पडला, डोलकाठी मोडली किंवा फळी आणि डोलकाठी यांना जोडणारा रबरी सांधा तुटला, की त्याच माणसाला अर्धा तास पाण्यात काढावा लागतो. म्हणजे एकाच सूटकडून दोन उलटी कामं हवी असतात: कष्ट करताना उकडू द्यायचं नाही आणि पाण्यात निपचित पडून राहिलं तरी गारठू द्यायचं नाही. सूटवरून होणारे बहुतेक वाद इथूनच निघतात. एक जण चांगल्या दिवसाबद्दल बोलत असतो, दुसरा वाईट दिवसाबद्दल.

अमेरिकेत कयाकवाल्यांमध्ये एक जुना आडाखा चालतो: हवा आणि पाणी यांच्या फॅरनहाइट अंशांची बेरीज १२०च्या खाली गेली तर सूट घालावा. तो धोक्याचा आहे, असं तिथल्या थंड पाण्याच्या सुरक्षेवर काम करणाऱ्यांचं स्पष्ट म्हणणं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. हवा ७० आणि पाणी ५० धरा. बेरीज १२० भरते, आडाखा म्हणतो हरकत नाही. पण ५० फॅरनहाइट म्हणजे १० अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये नेमका असाच दिवस पडतो: ऊन छान, हवा मऊ, आणि पाणी अजून हिवाळ्याचं. कपडे पाणी बघून घालायचे, या नियमावर मात्र सगळ्या पक्षांचं एकमत आहे.

दोन जुने विचार

आजचा वाद मुळात सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. त्याआधी थंड पाण्यात उतरायचं तर कोरडं राहायचं, हे गृहीतच होतं. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश पाणबुडे रबरी सूटच्या आत लोकरीचे कपडे घालत. सूट फाटला की लोकर भिजे, आणि मग थंडीपुढे काही चालत नसे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी हे गृहीतकच उलटं केलं. कोरडं राहणं गरजेचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ऊब धरतात ते कापडात अडकलेले वायूचे बुडबुडे. ते रबराच्या आतच कोंडून ठेवले, तर अंग ओलं झालं तरी चालेल. असे बुडबुडे असलेलं निओप्रीन तेव्हा उपलब्ध होतं, आणि त्यातून वेटसूट जन्मला. १९५२मध्ये जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं आणि हा सूट सर्फिंगवाल्यांच्या अंगावर चढला. वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाने तापतं म्हणून ऊब मिळते, असं अजून पुष्कळ जण सांगतात. खरं तर ते पाणी नसेल तितकं बरं. ऊब निओप्रीन देतं.

कोरड्या सूटचा विचारही थांबला नाही. १९६०च्या दशकात स्वीडनच्या पोसायडन कंपनीने निओप्रीनचाच कोरडा सूट काढला, पाणी न शिरणाऱ्या चेनसह. १९६९मध्ये बॉब गोर यांना टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा करता येतो असं आढळलं, आणि पाणी अडवून घामाची वाफ सोडणारं कापड शक्य झालं. पुढे कयाक आणि शिडाच्या होड्यांसाठी त्याचे सूट निघाले. विंडसर्फिंग मात्र याच काळात उष्ण हवेतून वर आलं. हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांचं १९७०चं पेटंट कॅलिफोर्नियाचं. युरोपात खेळाची लाट आली ती उन्हाळी खेळ म्हणून. १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगचं पहिलं सुवर्णपदक एका डच माणसाने, स्टेफान फान डेन बेर्खने, मिळवलं. खास हिवाळी विंडसर्फिंगसाठी शिवलेले सूट त्यामुळे आजही कमीच आहेत, आणि स्वस्त ड्रायसूट शोधणाऱ्याला बहुधा होडीवाल्यांच्या किंवा कयाकवाल्यांच्या फडताळात हात घालावा लागतो.

जाड वेटसूटचा पक्ष

डच किनाऱ्यावर हिवाळ्यात बहुसंख्य लोक अजूनही वेटसूटमध्येच दिसतात: ५ किंवा ६ मिलिमीटरचा, शिवणी चिकटवलेला, डोक्याला हूड, पायांत निओप्रीनचे बूट. या पक्षाची बाजू मजबूत आहे. सूट अंगाला चिकटून असतो, त्यामुळे पोहणं आणि पाण्यातून शीड उचलून निघणं सोपं जातं. लाटेने आपटलं तरी काही बिघडत नाही. खडकावर गुडघा फाटला तर तेवढ्यापुरतं गार लागतं, बाकीचा सूट काम करत राहतो. शिवाय निओप्रीन तरंगतं. साधारण २०० ते ४५० युरोत चांगला सूट मिळतो, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं.

उणीव दोन ठिकाणी आहे. एक वारा. कापडी अस्तर बाहेरून असलेलं निओप्रीन पाणी धरून ठेवतं, आणि ते वाऱ्याने उडू लागलं की माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने माणूस गार होतो. म्हणून छाती-पाठीला गुळगुळीत रबर असलेले सूट घेतात, पण ते हार्नेसच्या, म्हणजे बूमला अडकवायच्या पट्ट्याच्या, घासण्याने लवकर फाटतात. दुसरी उणीव हातांची. बूम धरताना मनगटाच्या वरचे स्नायू सतत आवळलेले असतात. त्यांच्यावर ४-५ मिलिमीटरचं रबर ताणून बसलं की अर्ध्या तासात हात दगडासारखे होतात. आणि जाड निओप्रीन तीन-चार हिवाळ्यांत दबून कडक होतं. बुडबुडे चेपले की ऊब गेली, दिसायला सूट धडधाकट असला तरी.

हे मी अनुभवाने सांगतो. एका फेब्रुवारीत ओस्टफोर्नच्या तळ्यावर माझा रबरी सांधा तुटला. अंगात चार हिवाळे वापरलेला वेटसूट होता. फळीवर पालथं पडून, शीड मागे ओढत काठाला यायला पंचवीस मिनिटं लागली. श्वास, डोकं सगळं ठीक होतं. पण उथळ पाण्यात उभं राहून हार्नेसचं बक्कल सोडायला गेलो तर बोटांना ते जाणवेचना. अंगठा बक्कलवर आहे की नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. गीसब्रेक्टची ती दहा मिनिटं मला तेव्हा कळली.

पडद्याच्या ड्रायसूटचा पक्ष

ड्रायसूटला डच भाषेत द्रोखपाक म्हणतात, म्हणजे शब्दशः कोरडा पोशाख. पातळ कापडाचा ढगळ सूट, गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सची किंवा निओप्रीनची सील, पायाला आतूनच मोजे जोडलेले, आणि छातीवर तिरकी पाणबंद चेन. या सूटला स्वतःची ऊब जवळजवळ शून्य. ऊब आत घातलेल्या कपड्यांची. हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण एकच सूट नोव्हेंबरात एका पातळ थरावर आणि फेब्रुवारीत लोकर अधिक फ्लीसवर चालतो. हातावर जाड रबर नसल्याने बूम धरणं सुखाचं होतं.

आणि पाण्याबाहेर आल्यानंतरचा फरक तर सांगायलाच हवा. ब्रौवर्सडामला गाडी बांधावरच लावावी लागते. ४ अंश हवा, अंगावर येणारा वारा, आणि त्यात ओला वेटसूट सोलून काढायचा. निळ्या पडलेल्या माणसांना एकमेकांच्या टाचेतून रबर ओढताना तिथे दर शनिवारी बघायला मिळतं. ड्रायसूटवाला चेन ओढतो, बाहेर पडतो, आणि आत सकाळी घातलेला स्वेटर तसाच कोरडा असतो.

या पक्षाच्या विरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, पाणी भरलं की सूट माणसाला तळाला नेतो. हे खरं नाही. पाण्याला पाण्यात वजन नसतं. खरा त्रास फळीवर चढताना होतो, कारण पाण्याबाहेर काढताच ते सगळं वजन अंगावर येतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सूट फाटला किंवा सील गेलं की ऊब एकदम कोसळते. १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश प्रयोगांत अर्धा लिटर पाणी आत शिरल्यावर ऊब सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणून आतले कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचेच हवेत. घरून आणलेली सुती थर्मल इथे कुचकामी. ती घामानेच भिजतात आणि मग अंगाला गार फडकं गुंडाळल्यासारखी चिकटतात. तिसरा आक्षेप ढगळपणाचा. पोहताना कापड पाणी ओढतं, आणि आत हवा राहिली तर पाय वर येऊ लागतात. त्यावर उपाय सोपा, पण शिकावा लागतो. कमरेइतक्या पाण्यात जायचं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, गळ्याच्या सीलमध्ये एक बोट घालायचं. पाण्याचा दाब सगळ्या बाजूंनी कापड अंगाला लपेटतो आणि हवा हनुवटीखालून फुस्स करत निघून जाते. हवा गेली की सूटही आटोपशीर होतो. मात्र त्याला स्वतःचा तरंग नसल्यामुळे वरून ५० न्यूटनचं तरंगजाकीट घालणं भाग आहे, आणि तो खर्चही हिशेबात धरायला हवा.

स्वस्त सूटांत दोन जाती आहेत. एकात घामाची वाफ बाहेर जाते, दुसऱ्यात जात नाही. न श्वसणारा सूट बराच स्वस्त पडतो, पण विंडसर्फर होडीवाल्यासारखा बसून नसतो. तासाभरात आतून इतका ओला होतो की पाणी शिरलं की घाम आला, हे कळत नाही. पैसे वाचवायचे तर इतर कुठेही वाचवावेत, इथे नकोत, असं माझं मत आहे.

मधला मार्ग

निओप्रीनचा ड्रायसूट दोन्ही पक्षांना जोडू पाहतो: ३-४ मिलिमीटरचं निओप्रीन, पण चेन आणि सील कोरड्या सूटची. फाटला तरी ऊब टिकते, थोडा तरंगतो, अंगाला बऱ्यापैकी बसतो. पण जड असतो, वाळायला दोन दिवस घेतो, आणि भाव मधल्या दर्जाच्या पडद्याच्या सूटइतकाच. लाटांत खेळणाऱ्यांना तो आवडतो. पाणबुड्यांचे जाड ड्रायसूट जुन्या बाजारात स्वस्त दिसतात, त्यांच्या मोहात मात्र पडू नये. ते पाण्याखाली संथ हालचालींसाठी असतात, आणि त्यात बूमवर दहा मिनिटंही टिकणं कठीण.

परवडणं म्हणजे काय

भावाची पाटी इथे फसवते. नव्या श्वसणाऱ्या सूटची सुरुवात ४०० युरोंच्या आसपास होते, मधला दर्जा ५०० ते ९००, आणि नावाजलेल्या पडद्याचे सूट हजाराच्या वर. याखेरीज लॅटेक्सचं सील तीन ते पाच वर्षांत मरतं: ऊन, तेल, सनस्क्रीन सगळेच त्याचे शत्रू. बदलून घ्यायला गळा आणि मनगटं मिळून शंभरेक युरो लागतात. चेन गेली तर तिला याहून जास्त. म्हणजे ड्रायसूट हे अधूनमधून दुरुस्तीला पैसे मागणारं घर आहे. उलट तो सांभाळला तर आठ-दहा वर्षं जातो, तेवढ्यात दोन-तीन वेटसूट होतात. फरक दिसतो तितका मोठा नाही.

सगळ्यात कमी पैशांचा शहाणा मार्ग मला वापरलेल्या सूटचा वाटतो. होडीवाले आणि कयाकवाले सील फाटलं की सूट काढून टाकतात, आणि फाटलेलं सील ही घेणाऱ्यासाठी चांगली बातमी असते. भाव पडलेला असतो आणि दुरुस्ती होण्यासारखी असते. ब्रिटनमध्ये समुद्रावर उडणाऱ्या वैमानिकांचे जुने बचावसूटही विकायला येतात. ते मजबूत पण अवजड असतात, खांद्यात ढिले.

बघायचं ते चेन आणि पडदा. चेन बोटावर वाकवून दोन्ही टोकांचे दात पाहावेत, कारण झीज तिथेच असते. सूट उलटा करावा. आतून पांढुरक्या पापुद्र्यांसारखं काही सुटत असेल, शिवणींवरची पट्टी नखाने उचलली जात असेल, तर पडदा संपला आणि सौदाही. घरी आणल्यावर मनगटांत प्लास्टिकच्या बाटल्या आणि गळ्यात एखादी मोठी बरणी बसवायची, चेन लावायची, आत हवा भरायची आणि स्पंजने साबणाचं पाणी फिरवायचं. सायकलच्या दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात, तेच तंत्र. माझ्या सूटच्या डाव्या गुडघ्याजवळ अशीच मोहरीएवढ्या बुडबुड्यांची ओळ उठली होती. आतून चिकटपट्टी आणि गोंद लावल्यावर ते पाच युरोत मिटलं. तो सूट, सील आणि आतली लोकर धरून मला ३५० युरोंना पडला.

नव्या मुलांना मी सांगतो ते असं. लाटांत, किनाऱ्याला लागून, ८-१० अंशांपर्यंत खेळायचं असेल तर चांगला वेटसूट पुरतो. त्याहून थंड पाण्यात, काठापासून दूर, सरळ रेषेत वेगाने जायचं असेल तर वापरलेला पण तपासलेला श्वसणारा ड्रायसूट. वेटसूटच्या बाजूचे जाणते याच्याशी सहमत होणार नाहीत. फेब्रुवारीत काठापासून दूर जाऊच नये, असं ते म्हणतात, आणि त्यांनाही खोडून काढता येत नाही.

अजून न सुटलेलं

सील कुठलं, यावर एकमत नाही. लॅटेक्स घट्ट आणि खात्रीचं, पण मनगटाला आवळतं आणि बूमवर हात लवकर फुगतात. निओप्रीनचं सील मऊ आणि टिकाऊ, पण थेंब थेंब झिरपतं. मी लॅटेक्स वापरतो आणि कडेची एक-एक रेघ कापत, हाताला मुंग्या यायच्या थांबेपर्यंत सैल करून घेतलं आहे. एक रेघ जास्त कापली तर ते वाया जातं.

पडद्याचा प्रश्न त्याहून मोठा. पाणी झटकणारे लेप आणि कित्येक पडदे ज्या फ्लोरीनयुक्त रसायनांचे असतात, ती निसर्गात विघटित होत नाहीत. जानेवारी २०२३मध्ये नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी ती युरोपभर आवळण्याचा प्रस्ताव दिला. फ्लोरीनशिवायचे पडदे निघाले आहेत. पण त्यांच्याबरोबरचे नवे लेप तेल आणि मळ कमी अडवतात, आणि लेप गेला की कापड भिजून वाफ कोंडते. हार्नेसखाली रोज घासला जाणारा असा सूट दहा वर्षं जाईल का, हे ठरायला अजून दहा वर्षं लागतील. परवडण्याचं वरचं गणित त्यावर अवलंबून आहे.

आणि शेवटी हात. सूटने छाती, पोट, पाय राखले, तरी बूम धरायची ती बोटांनीच. जाड हातमोजे घातले की पकडीला दुप्पट जोर लागतो, पातळ घातले की बोटं गारठतात. तळवा उघडा ठेवणारे मिटन्स वाऱ्यात चांगले, पाण्यात पडल्यावर निरुपयोगी. कोणी डिशवॉशिंगचे रबरी हातमोजे बुटाच्या लेसने बांधतो, कोणी मनगटाच्या सीलवर लोकरीची पट्टी गुंडाळतो. ५ अंशांच्या पाण्यात अजून माझा दिवस वाऱ्यावर किंवा सूटवर ठरत नाही. दर तीन फेऱ्यांनंतर मी अंगठ्याने करंगळीला स्पर्श करून बघतो. तो जमला नाही की काठाकडे वळायचं.